शटर अर्ध्यावर

कोपरखैरणे. रात्री दहाला
माझ्या दुकानाचं शटर अर्ध्यावर येतं.
त्याखालून वाकून आत येणाऱ्यांना
सहसा ताप असतो, नाहीतर लाज.

ती आली ती मोबाइलमधला फोटो घेऊन.
कुणाच्या तरी तळहातावर गोळ्यांची पट्टी.
"हीच द्या. दोन महिन्यांची."
चिठ्ठी? मी म्हणाले.
तिनं काचेवरून पैसे सरकवले,
मी परत सरकवले,
तिनं पुन्हा.
कॅरम चालला होता आमचा.

"पलीकडच्या सेक्टरातला काही विचारत नाही."
तेच तर, म्हणाले. तो विचारत नाही.

बत्तीस वर्षं पट्ट्या कापतेय मी कात्रीनं.
खोकल्याचं औषध खोकल्यापुरतं असतं.
हे तसं नाही, बाई.
हे रक्तात पाहुण्यासारखं शिरतं
आणि सामान हलवायला घेतं,
आधी पडदे, मग भिंती.
तुला भिंतीच हलवायच्यात, कळलं मला.
पण भिंतीला हात घालण्याआधी बघतात ना
वायर कुठून गेलीय?

ती पहिल्यांदा हसली.
"आमचे अण्णा माथाडी. सिडकोच्या खोलीवर
स्वतः मजला चढवला त्यांनी.
काही बघितलं नव्हतं."
उभा आहे?
"आहे. पावसाळ्यात भिंत शॉक देते."

मग तीन आठवडे आलीच नाही.
मी पलीकडच्या सेक्टरातल्याला
मनातल्या मनात शिव्या देत होते.
आली तेव्हा हातात वाशीच्या डॉक्टरांची चिठ्ठी,
रक्ताचे रिपोर्ट, यकृत, क्षार, सगळं,
आणि डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं नाव:
हेमांगी.
मी बिलावर तेच टाकलं. प्रिंटर खरखरला,
ती कागद वाचत राहिली,
रक्कम सोडून.

बोलत होते मी, हात पिशवीत पट्ट्या भरत होते.
एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली,
तर तेल चोळत बसायचं नाही. रिक्षा. लगेच.
छातीत कळ, दम लागला, तरी तेच.
एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.
मैत्रिणीचा डोस मैत्रिणीचा.
आणि टपरीवर तू काय शिलगावतेस
ते इथून दिसतं मला.

"बास, काकू."
बास नाही. ही दुसरी गोळी शरीरातलं पोटॅशियम धरून ठेवते,
तेव्हा रोजचं शहाळं बंद.

तिचा चेहरा असा पडला
की मला वाटलं, काही भलतंच बोलून गेले.
तिचा भाऊ एपीएमसीच्या गेटाबाहेर शहाळी विकतो.
घरात एकटाच तो बोलतो तिच्याशी,
बोलतो म्हणजे
संध्याकाळी एक शहाळं छिलून पुढे धरतो,
नाव घ्यायला नको म्हणून.
"तेही मोजून?"

मला उत्तर सुचेना.
म्हणाले, डॉक्टरांना विचार. तोवर
मलई खा. पाणी त्याला पाज.

आता ती सकाळीही येते, कामावर जाताना,
शटर पुरतं वर असताना.
परवा माझा चहा आला,
मी ड्रॉवरमधून थायरॉइडची गोळी काढली,
नेहमीसारखी, घोटाबरोबर.
"काकू. चहासोबत?"
अगं, नऊ वर्षं अशीच घेतेय.
"आणि तरी डोस वाढतोच आहे ना?
उपाशीपोटी, साध्या पाण्यानं. मागच्या बाजूला लिहिलंय."

तिनं माझा कप काचेवरून स्वतःकडे ओढला.
मी परत ओढला.
तिनं पुन्हा.

अर्धा तास थांबायचं म्हणाली.
गिऱ्हाइकं येत राहिली, तिची बस गेली.
मधे दोघींचा एकच कप,
त्यावर साय धरत होती.